वीतभर ओल

आमच्या भागात पाऊस पडला की माणसं आधी फोन हातात घेतात. सर ओसरायच्या आत "तुमच्याकडं किती झाला?" हा प्रश्न शिवारभर फिरायला लागतो. त्यात कौतुक आहे, तशी गरजही आहे. इकडचा पाऊस मोठा लहरी. आमच्या निमोण्याच्या एका अंगाला ओढा वाहत असेल आणि रस्त्यापलीकडे धुरळा उडत असेल. त्यामुळे ज्याच्याकडे झाला त्याला सांगायची घाई असते आणि ज्याच्याकडे झाला नाही त्याला विचारायची.

सलग दोन वर्षं कोरडी गेल्यावर आर्द्रा नक्षत्रात आमच्याकडे पाऊस झाला, त्या दुपारी मी पडवीत एकटा उभा होतो. तासभर चांगला दणकून पडला. उघडल्यावर अंगणात गेलो, पाऊस मोजायला ठेवलेल्या डब्यात स्टीलची पट्टी बुडवली आणि सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "एकोणतीस मिलीमीटर!" आतून उत्तर यायचं ते आलं नाही. बायकोला जाऊन पाच महिने झाले होते, आणि हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण तोंडाला ते अजून कळलेलं नव्हतं.

ती असती तर म्हणाली असती, "मातीला तुमचं मिलीमीटर कळत न्हाई." दर पावसाला हेच म्हणायची.

माझा फोन खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होता. तो दोन तास वाजला नाही. आजूबाजूच्या घरांतून मात्र आवाज येत होते. कुणी न्हावऱ्याला विचारत होतं, कुणी शिरूरला, कुणी ओरडून सांगत होतं की नाला भरून चालला. पावसाची विचारपूस करणारे आमच्या घरचे सगळे फोन तिला यायचे, हे मला तेव्हा उमगलं. तिची भावंडं, तिच्या मैत्रिणी. माझ्याकडे पावसाबद्दल विचारायला कुणी नव्हतं, कारण मला त्यातलं काही कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी दौंड तालुक्यात दिलेली. तिच्या घरी उसाचं रान, कॅनॉलचं पाणी. पावसाची वाट बघायची त्या घराला सवयच नाही. ती रविवारी फोन करायची आणि त्या दिवशी मंगळवार होता.

मी आयुष्यभर कारखान्यात मापं घेतली. रांजणगावच्या बाजूला एका कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात घेऊन मिलीमीटरच्या शंभराव्या भागावर माल पास करायचा की नापास, हे ठरवायचं. माझ्या हातून चुकीचा पीस कधी पुढे गेला नाही, याचा मला फार तोरा होता. तीन शिफ्टची ड्यूटी. त्यामुळे दोन एकर जिराईत रान आणि घरामागचा परस, दोन्ही तिच्याच अंगावर. मी पेरणीच्या दिवशी रजा काढायचो आणि बांधावर बसून चुका दाखवायचो. ती म्हणायची, "इथं तुमची शिफ्ट न्हाई."

तिच्या बाजरीचं बी घरचं होतं. कणसाला तांबूस केस असलेली बाजरी, जिच्यावर चिमण्या बसत नाहीत. ते केस टोचतात त्यांना. हे बी तिने लग्नात पदराला बांधून आणलं असं ती सांगायची. खरं खोटं तिला माहीत. दर वर्षी खळ्यावर निवडून निवडून कणसं बाजूला काढायची, हाताने मळायची, राखेत घोळवायची आणि चिनीमातीच्या बरणीत भरायची. मध्ये कडुलिंबाचा पाला, वर राखेचा थर आणि तोंडाला फडकं. ती बरणी भिंतीतल्या देवळीत असायची. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी जेमतेम पायलीभर बाजरी झाली, तरी तिने बी काढलंच. दुसऱ्या वर्षी पेरणीच झाली नाही. सगळं शिवार काळंठिक्कर पडलेलं. विहिरीच्या तळाला बेडूक बसायलाही ओल नव्हती. टँकर एक दिवसाआड यायचा आणि दोन पिंपं भरून द्यायचा. त्यातलं भांडी धुतलेलं पाणी ती परसात न्यायची. मोगऱ्याला एक तांब्या, कढीपत्त्याला एक, लिंबाला दोन. शेवग्याला काही नाही, कारण तो निर्लज्ज आहे आणि आपला आपण जगतो, असं तिचं मत.

त्याच हिवाळ्यात एकदा बरणी हलवून ती म्हणाली होती, "हे बी दोन साल तग धरतं. तिसऱ्याला भरवसा न्हाई. येत्या साली पेरलंच पायजे, न्हाईतर गेलं." मी पेपर वाचत होतो. हूं म्हणालो.

माघात ती गेली. तीन दिवस ताप, मग शिरूरचा दवाखाना, मग एका पहाटे नाही. पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय बाकीचं समजणार नाही. सलाईन लावायच्या वेळी दवाखान्यात तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या कापून काढल्या होत्या. सवाष्ण गेली, तिला हिरव्या बांगड्यांशिवाय कसं न्यायचं? शेजारच्या बायकांपैकी एक दाराशी येऊन मला म्हणाली, "भावजी, वहिनींच्या बांगडीचं माप काय वो? दुकान उघडायला माणूस धाडलाय." मुलगी दौंडहून अजून वाटेत होती. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. अडतीस वर्षांचा संसार. मी म्हणालो, "असेल आपलं मध्यम."

आणल्या त्या मोठ्या झाल्या. हात छातीवर ठेवले की बांगड्या बोटांवर घरंगळायच्या. त्या बाईने तीनदा मागे सारल्या आणि शेवटी दोऱ्याने मनगटाला बांधल्या. कुणी मला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

तर आर्द्रेच्या पावसानंतर माझ्यापुढे एकच काम होतं. तिचं बी पेरायचं. तिसरं साल सुरू झालं होतं. या वर्षी पेरलं नाही तर बरणीत राख आणि भुसा उरणार. मुलगीही म्हणत होती, "आबा, रान कुणाला तरी वाट्यानं लावा आन् या इकडं. एकटं किती दिस काढायचं?" मी तिला सांगितलं होतं, एवढी बाजरी होऊ दे, मग बघू.

पेरायचं कधी, हे तिचं एक वाक्य मला पाठ होतं. "वीतभर ओल गेल्याबिगर मूठ सोडायची न्हाई." पाऊस उघडून रानात पेरणीजोगा वाफसा आला की ती खुरप्याने खड्डा करायची, मातीचा कोरडा आणि ओला रंग जिथे बदलतो तिथपर्यंत वीत लावायची आणि मान हलवायची. एवढंच. अडतीस वर्षांत तिची पेरणी फुकट गेलेली मला आठवत नाही.

आता वीत हे माप मला कसं पटावं? पण शाळेत शिकलो होतो, बारा अंगुळं म्हणजे एक वीत, म्हणजे नऊ इंच. माझ्या हाताची वीतही बरोबर नऊ इंच भरते, हे मी कंपनीत गंमत म्हणून तपासलेलं. तेव्हा तिसऱ्या दिवशी मी रानात गेलो, खड्डा घेतला, पट्टी लावली. सात इंच. दुसरीकडे घेतला. पावणेसात. बांधाकडे घेतला. सव्वासात. मी पट्टी पुसली आणि घरी आलो. माल नापास.

शेजारच्या रानवाल्याकडे ट्रॅक्टर आहे आणि पेरणीचं यंत्र आहे. चाळिशीचा माणूस, मला आप्पा म्हणतो. तो बांधावर थांबून म्हणाला, "आप्पा, यंत्र जोडलंय. तुमचं बी घ्या, लगी हात दोन एकर उरकून टाकतो."

"अजून ओल कमी आहे."

"कमी? आवं, समदं गाव पेरतंय."

"गावाला पेरू दे. आमच्यात वीतभर लागते."

तो माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत राहिला. "वहिनी असत्या तर..." असं काहीतरी म्हणाला आणि पुढचं गिळून निघून गेला. मला राग आला. मी तिचाच तर नियम पाळत होतो.

मी पुढच्या पावसाची वाट बघत बसलो. तो आला नाही. पुनर्वसूच्या पावसाला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा त्या वर्षी नुसता वारा घेऊन आला. चार दिवसांत माझ्या रानावर पापडी धरली, आठ दिवसांत भेगा. आणि शेजारच्या रानात बाजरीच्या रांगा वर आल्या. कोवळ्या, सरळ, आमच्या बांधापर्यंत येऊन थांबलेल्या. सात इंच ओलीवर उगवलेली बाजरी मी रोज सकाळी उठून बघत होतो. गावात कुणी समोरून हसलं नाही, पण पारावर मी गेलो की विषय बदलायचा. एका म्हाताऱ्याने मात्र तोंडावर विचारलं, "काय रं, कंपनीतनं परवानगी आली न्हाई का अजून?" आमची चूक तर उघड्यावर पडलेली.

ते दिवस फार वाईट गेले. पोळ्यांचं पीठ मळता येत नाही म्हणून दोन वेळ भात. टीव्ही लावून ठेवायचा आणि बघायचा नाही. संध्याकाळी परसात पाणी घालायला जायचो तर कढीपत्ता वाळलेला. मी त्याला तांब्याभर द्यायला कधी चुकलो होतो कुणास ठाऊक. ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो असं नाही, पण कढीपत्त्याचं ते खोड हाताने उपटताना जे वाटलं ते तेव्हाही वाटलं नव्हतं. घरात तिच्या हाताखाली जगणारं जे जे होतं ते माझ्या हाताखाली मरत चाललं होतं. उरली होती ती बरणी.

म्हणून एका सकाळी बरणी देवळीतून खाली काढली. बियाला कीड लागली का, एवढंच बघायचं होतं. फडकं सोडलं आणि हात घातला. हात गेला नाही. अंगठा आत दुमडून पाहिला, बोटं जुळवून पाहिली. अंगठ्याच्या मुळाशी जो अडकला तो पुढे सरकेना, आणि मग मागेही येईना. मी ओसरीत बरणी हातात अडकवून बसलो. तिरपी करून ओतता आलं असतं, पण हातच आत. हसू यावं अशी गोष्ट. शेवटी तेल लावून काढला.

हात चोळत बसलो आणि मनात आलं, ती तर कोपरापर्यंत हात घालायची. बांगड्यांसकट. तळातलं बी वर, वरचं तळाला, असं ढवळायची. मी कितीदा समोर बसून पाहिलं होतं. मग तो हात केवढा होता?

आणि त्या हाताची वीत केवढी होती?

मी पट्टी घेतली आणि तिथेच ठेवून दिली. कारण मोजणार काय? तीस वर्षं ज्या माणसाने साधा वॉशर मोजल्याशिवाय सोडला नाही, त्याने घरातला हा एक हात कधी मोजला नव्हता. डोळे मिटले तरी दिसेना. खुरपं धरलेला दिसायचा, भाकरी थापताना दिसायचा, पण लहान की मोठा ते सांगता येईना. मेल्यावर बांगड्या घरंगळल्या तेव्हा तरी कळायला हवं होतं. मी नऊ इंचांवर अडून बसलो होतो आणि ती मान हलवायची ती कदाचित साडेसहावर. सगळ्या गावाला पुरलेली ओल तिलाही पुरली असती. कमी पडली ती फक्त माझ्या पट्टीला.

त्याच दिवशी एसटीने शिरूरला गेलो. बाजारपेठेत एका मन्यार बाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. बायको तिथेच बांगड्या भरायची, एवढं मला माहीत होतं, कारण मी बाहेर पिशव्या धरून उभा असायचो. आत पहिल्यांदाच गेलो. दोन बायका बसल्या होत्या, त्या सरकून बसल्या. मन्यार बाई माझ्याच वयाच्या, चष्मा नाकावर. त्यांनी मला ओळखलं नाही. मी पिशव्यांचं सांगितलं तेव्हा ओळखलं.

"निमोण्याच्या बाईंचे मालक! या, बसा. बाई गेल्याचं कळालं हो. फार वाईट झालं." मग म्हणाल्या, "त्या सकाळी तुमच्याकडनं माणूस आलता. माप इचारलं तर म्हनला, मध्यम. कुनाचं तेबी सांगितलं न्हाई. बाईंचं म्हनला असता तर म्या दोन-चारच्या मापाच्या दिल्या नसत्या का?"

मी म्हणालो, "मलाच माहीत नव्हतं, भाभी."

त्या समोरच्या बाईच्या हातात बांगडी चढवत राहिल्या. ती बाई गेल्यावर म्हणाल्या, "दोन-चार. डाव्या हातात सहज जायची, उजव्यात जरा दाबून. खुरपून खुरपून उजवा रुंद झालता त्यांचा. लहान हात, पन भारी चिवट."

बांगडीच्या दुकानात बसून पुरुषाने वीत मागायची कशी? तरी सांगितलं. बी, ओल, पट्टी, बरणी, सगळं. त्यांनी चष्मा काढला.

"वीत? थांबा, ती सांगते मी तुम्हाला. आमचं भांडनच व्हायचं त्याच्यावरनं." त्यांनी मागच्या फळीवरून परकराच्या नाड्याचं पांढरं बंडल काढलं. "नाडा आमी वितीनं देतो. एका परकराला धा विती. मी मोजून दिला की तुमच्या बाई घेऊन परत मोजायच्या. म्हनायच्या, धा न्हाई, ह्या तर बारा झाल्या, दोन वितीचं पैसं जास्त लावू नका. मी म्हनायची, आवो, तुमची वीत तोकडी हाय, त्याला मी काय करू? दर येळेला धाच्या बारा. आन् दर येळेला हसायच्या."

हे हसणं मी बाहेर पिशव्या धरून कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी काचेवर हात पसरून दहा विती मोजल्या, नाडा कापला आणि माझ्या हातात दिला. "ह्याचे बारा भाग करा. एक भाग म्हंजी त्यांची वीत. पैसं नगं."

एसटीत बसल्यावर मी तो नाडा मांडीवर घेऊन दुमडायला लागलो. आधी निम्मा, मग त्याचा निम्मा, मग तीन भाग. शेजारचा माणूस तोंड फिरवून बसला. काय समजायचं ते समजला असेल. बाराव्या भागाला गाठ मारली. पट्टी पिशवीत होती, पण लावली नाही. बोटात धरून बघितला तेवढा तुकडा. एवढीशी होती.

आता पाऊस यायला हवा होता. पुष्य लागलं होतं आणि बाजरीच्या पेरणीचे शेवटचे दिवस. त्यापुढे पेरलेलं थंडीत सापडतं, दाणा भरत नाही. बारा दिवस मी रोज पडवीत बसून पश्चिमेकडे बघितलं. ढग घोड नदीवरून यायचे आणि तसेच पुढे जायचे. कुठल्याच देवाला मी कधी काही मागितलेलं नाही, पण त्या बारा दिवसांत कुणाकुणाला काय काय बोललो ते सांगत नाही. नवव्या दिवशी न्हावऱ्याकडे पडल्याचं कळलं. आमच्याकडे नुसता वास आला.

म्हातारा पाऊस तेराव्या दिवशी आला. गडगडाट नाही, वारा नाही. सकाळी न्याहारीच्या वेळेला सुरू झाला आणि दिवसभर एका लयीत पडत राहिला, सावकाश, काम माहीत असलेल्या माणसासारखा. माती वाहून गेली नाही, पाणी जिथल्या तिथे मुरलं. मी पडवीत बसून होतो. डब्यात पट्टी बुडवायला उठलो नाही. फोन खिशात होता. दुपारी मीच काढला आणि मुलीला लावला. गुरुवार होता.

"आबा? काय झालं?" ती घाबरली.

"काही नाही. पाऊस पडतोय."

मग ती म्हणाली, "किती झाला?"

मी अंगणातल्या डब्याकडे बघितलं आणि म्हणालो, "अजून मोजला नाही."

वाफसा तिसऱ्या दिवशी आला. मी खुरपं आणि नाडा घेऊन रानात गेलो. पाच ठिकाणी खड्डे घेतले. चार ठिकाणी ओल गाठीच्या खाली गेलेली, एके ठिकाणी बरोबर गाठीवर. मी तिथेच मातीत बसलो आणि रडलो, आजूबाजूला कुणी आहे का तेही न बघता. ती सहा महिन्यांपूर्वी गेली असं मी धरून चाललो होतो. खरं म्हणजे मी तिला कधी नीट पाहिलंच नव्हतं, आणि ते आता एका नाड्याने कळत होतं, तेही उशिरा.

शेजारी यंत्र घेऊन आला. बरणी मी तिरपी करून ओतली; राख सगळी अंगावर. त्याने विचारलं, "आप्पा, ओल झाली का मनासारखी?"

"झाली. वीतभर."

त्याने खड्ड्यात बघितलं, माझ्या पंजाकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं." शहाणा माणूस आहे.

चौथ्या दिवशी रानात काही दिसेना. पाचव्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी सूर्य समोर असताना गुडघ्यावर बसून बघितलं तर कोंब होते. दाट नव्हते. तीन दाण्यांतला एक आला असेल. कुठे हातभर मोकळं, कुठे दोन जोडून. शेजाऱ्याच्या भरलेल्या रानाशेजारी आमचं रान विरळ केसांच्या डोक्यासारखं दिसत होतं. पारावरच्या म्हाताऱ्याने तेही बोलून दाखवलं. आर्द्रेला पेरलं असतं तर निम्मं तरी आलं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण जे आलं ते तिचं होतं. कणसं निसवली तेव्हा तांबूस केस सकाळच्या उन्हात लांबून दिसायचे, आणि चिमण्या शेजारी जायच्या.

काढणीला मुलगी दौंडहून आली, दोन दिवस. बियाची कणसं कुठली निवडायची हे मला येत नव्हतं. ती रानातून चालत गेली आणि न थांबता वेचत गेली. मी विचारलं तुला कसं कळतं, तर म्हणाली, "आईच्या मागं हिंडले न्हाई का मी?" ओसरीत बसून तिने कणसं मळली, बी राखेत घोळवलं. मी कडुलिंबाचा पाला तोडून आणला. घर पुन्हा घरासारखं वाटत होतं आणि ती उद्या सकाळच्या गाडीने जाणार हेही मला माहीत होतं. रान वाट्याने लावायचं तिने पुन्हा काढलं नाही.

मग तिने बरणी पुढे ओढली. थोडं बी, थोडा पाला, परत बी. आणि दाबायला म्हणून हात आत घातला. हात गेला. मनगट गेलं, बांगड्या किणकिणत गेल्या, कोपरापर्यंत. ती तळातलं वर, वरचं तळाला असं ढवळत होती आणि मला शेजारच्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती.

मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. ही माझी मुलगी. चौतीस वर्षांची झाली. मी एसटीने शिरूरला जाऊन ज्या हाताचं माप नाड्यावर घेऊन आलो, तो हात रविवारी फोनच्या पलीकडे होता. कुणीतरी विचारायला हवं होतं फक्त.

"तुझ्या बांगडीचं माप काय गं?" मी विचारलं.

ती ढवळायची थांबली. "दोन-चार. आईच्याच हायत की ह्या, तिच्या डब्यातल्या. तुम्ही वळखल्या न्हाईत व्हय?" मग हात तसाच बरणीत ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "का वो, आबा?"

"काही नाही," मी म्हणालो. "मला माहीत असावं."